नकाशावरचा दोरा

प्रेमिला पहिल्यांदाच विमानात बसणार होती. मुंबईच्या एका दवाखान्यात तिला नर्सची नोकरी लागली होती. निघताना ती म्हणाली, "येतो, बाबा."

"येतो काहून म्हणतं वं? जातो म्हण! असल्या शकुन-बिकुनले मी भीत नाही," देवाजी खेकसला. तो कोणाच्या बापाला न भिणारा माणूस.

पोरगी हसली. "बरं, जातो."

दुपारी सोनेगावच्या विमानतळावरून विमान उडाले आणि त्यांच्या घरावरून पश्चिमेला वळले. देवाजीने भिंतीवरच्या नकाशात नागपूर ते मुंबई दोरा धरला. सकाळी पोरीला अंतर दाखवायला त्याने तो नेमका तेवढाच कापला होता. आता तो बोटभर कमी पडला.

"ढिला धरला असशील गा," शेजारचा चंपतराव खाटेवर पडल्या पडल्या बोलला. "सव्वा तासाचा तर रस्ता. तुहा चहा होईस्तोवर पोचते ते."

देवाजीने दोरा ताणला. आता चार बोटे कमी. नकाशा तोच होता, गावेही जागच्या जागी होती. अंगणात लिंबाची सावली पेंगत होती आणि विमानाची घरघर अजून विरली नव्हती. गोड, झोप आणणारी, जवळचीही नाही आणि दूरचीही नाही.

"चंपत, विमान अजून वरच हाये काय?"

"आभाळ तं मोकळं दिसून राहिलं."

देवाजीने मुंबईकडचे टोक सोडून दिले. ते खाली पडले नाही. दोरा तसाच ताठ राहिला आणि नागपूरवर दाबलेल्या त्याच्या बोटाखालून मुंबईच्या दिशेने हळूहळू सरकू लागला.