राणीचं नाक

किल्ल्यातल्या राणीच्या पुतळ्याचं नाक कसं तुटलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पर्यटक विचारून विचारून भंडावून सोडत, म्हणून गाइडने सहा वर्षांपूर्वी एक गोष्ट रचली होती. राजाचं राणीशी भांडण झालं, तिच्यासमोर बोलायची छाती नव्हती, म्हणून त्याने रागाने पुतळ्यावर पेला भिरकावला.

आज गोष्ट संपताच घोळक्यातल्या एक आजी म्हणाल्या, "चुकीचं सांगतोस रे. पेला राणीनेच फेकला. नेम राजावर होता. माझ्या आजीने सांगितलंय मला."

सगळे हसले. ही गोष्ट आपणच रचलीय, हे चारचौघांत कबूल करायची सोय नव्हती. गाइडने घाम पुसला, आजींच्या जवळ सरकून हळूच विचारलं, "मग पुढे काय झालं, आजी?"