लोटू सरांचं डिक्टेशन

“सर, फिरू नका ना! बसून बोला,” हर्षदा एवढ्या मोठ्यानं म्हणाली की शेजारच्या रांगेतल्या चंचलनं कानावरचा हेडफोन सरकवला.

“घ्या, लाडकीचा हुकूम सुटला,” चंचल म्हणाली.

हर्षदानं तिकडे लक्षच दिलं नाही. लोटू सर मुकाट्यानं खुर्चीत बसले. उभी हयात त्यांनी फेऱ्या मारत डिक्टेशन दिलं होतं, पण या मुलीचा शब्द ते मोडत नसत. वर्गात त्यांचं ऐकणारी ती एकटीच उरली होती.

बाकी सगळी पोरं संगणकापुढे बसत. सरांच्या मुलानं, ललितनं, कोर्टात स्टेनो होऊ पाहणाऱ्यांसाठी एक सॉफ्टवेअर आणलं होतं. जबानी असो, युक्तिवाद असो, निकाल असो, हव्या त्या वेगानं ते कानात बोलायचं. लघुलिपीत लिहून घ्यायचं, मग टाइप करायचं, की चुका लगेच लाल. ते खोकत नसे आणि चहालाही थांबत नसे.

“पप्पा, हवे बस करो ने, आता पुरे,” ललित दर आठवड्याला म्हणायचा. “एकीसाठी कशाला घसा फोडताय? तुमच्या टेबलाच्या जागी अजून चार संगणक बसतील.”

“ती ज्या दिवशी हेडफोन लावील, त्या दिवशी मी घरी बसेन,” सर म्हणाले होते. बापलेकात तसं ठरूनच गेलं होतं.

क्लास उधन्यात होता, लूमच्या खात्यावर, म्हणजे कापडाच्या मागांच्या कारखान्यावर असलेल्या माळ्यावर. खाली दिवसभर खडखडाट चाले, पायाखालची फरशी थरथरे. त्या आवाजावर आवाज चढवूनच सरांचा गळा तयार झाला होता. एके काळी बाक भरून पोरं जिन्यात बसत. रात्रपाळी संपवून थेट येणारी, केसांत धाग्यांचे तुकडे अडकलेली खानदेशची पोरं. सर वकिलासाठी आवाज चढवायचे, जजसाहेबांसाठी संथ करायचे, आणि खोटा साक्षीदार आला की असे चाचरायचे की लिहिता लिहिता पोरांना हसू फुटायचं. त्यातली कितीतरी आज नवसारी, व्यारा, भरूचच्या कोर्टांत होती. दिवाळीला फोन करून सांगायची, “सर, साहेब निकाल सांगायला लागले की कानात तुमचाच आवाज घुमतो बघा.”

हल्ली असे फोन कमी झाले होते. पण हर्षदा आली आणि सरांना वाटलं, जुनं बियाणं अजून शिल्लक आहे.

लिहिताना बाकीच्यांची मान वहीत खुपसलेली असे. हर्षदाची मान वर. कीर्तनाला बसल्यासारखी ती त्यांच्याकडे टक लावून बघे आणि पेन्सिल आपली आपण कागदावर पळत राही. एकदा म्हणाली, “सर, मिशी काढा. जजसाहेब दिसाल अगदी.” सरांनी दुसऱ्याच दिवशी मिशी उतरवली.

“सर, सोयरीक जुळली की काय कुठं?” चंचलनं विचारलं होतं. सगळा वर्ग खिदळला, सरही हसले.

हेडफोन का नको, असं त्यांनी हर्षदाला एकदाच विचारलं होतं.

“त्यात माणूस नाही, सर.”

हे वाक्य पुढे कितीतरी दिवस ते येईल त्याला ऐकवत होते.

आज मात्र सरांचा घसा बसला होता. दुपारी ते खुर्चीत टेकले, तोच ललितनं हेडफोन आणून हर्षदापुढे ठेवला.

“आजपासून तू पण यावर कर. पप्पांची हालत बघतेस ना?”

हर्षदाचा चेहरा उतरला. हेडफोन तसाच मागे सारून ती सरांकडे वळली. “सर, तुम्हीच बोला. हळू बोललात तरी चालेल मला.”

सरांचा ऊर भरून आला. “ऐकलंस?” ते ललितला घोगऱ्या आवाजात म्हणाले. “जा, तुझं काम बघ.”

ललित टेबलाशी जाऊन बसला, पण त्याची नजर इकडेच होती.

सरांनी कोसाडच्या एका घराच्या ताब्याचा दावा घेतला. वादीचं म्हणणं कसंबसं पार पडलं. उलटतपासणीत आवाज चिरकला. मग नुसता वारा येऊ लागला, आणि साक्षीदार तोंड उघडणार तोच तोही बंद झाला.

खाली लूम धडधडत होते. पोरांच्या कानांवर हेडफोन होते. कुणाला काही कळलं नाही. ललित बघत होता. आता थांबलो तर कायमचेच थांबलो, हे सरांना कळत होतं. म्हणून ते नुसतेच ओठ हलवत राहिले. निदान लांबून बोलल्यासारखं दिसावं.

मग त्यांची नजर हर्षदाच्या वहीवर गेली. पेन्सिल पळत होती.

हा दावा आपण हिला आधी दिला असणार, पाठ असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी दावा सोडून दिला आणि मनात येईल ते मांडू लागले. जिन्यात बसणारी पोरं, त्यांच्या केसांतले धागे, खोट्या साक्षीदारावर त्यांना फुटणारं हसू. कुठल्या पुस्तकात नसलेलं, कधी कुणाला न दिलेलं. आवाजाचा टिपूस नव्हता. पेन्सिल एका शब्दानंही मागे पडली नाही.

सरांचे ओठ क्षणभर मिटले. मग त्यांनी तसंच, आवाजाविना, विचारलं, “हर्षदा, माझा आवाज तू कधी ऐकलायस?”

पेन्सिलीनं सवयीनं तेवढंही टिपून घेतलं आणि ती थांबली. हर्षदानं भरल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि हळूच नाही म्हणून मान हलवली.