अर्ध्या तासाची शांतता

कानसेनकाकांनी हात वर केला आणि क्रेनवाल्याने कपाळाला हात लावला.

"आज पण?"

"आज पण," काका हेडफोन न काढताच म्हणाले. "आई आणि पिल्लू. पिल्लू अगदी हळू बोलतंय."

इंजिनीअरबाईंनी घड्याळ पाहिलं. तेविसावं मिनिट. नियम साधा होता. समुद्राच्या तळात खांब ठोकण्याआधी पाण्यात सोडलेल्या माइकवर अर्धा तास ऐकायचं. देवमासा बोलला, तर त्या दिवशी हातोडा उचलायचा नाही. त्या हातोड्याचा दणका पाण्याखाली कुठच्या कुठे पोचतो, आणि कान गेलेलं पिल्लू आईला परत सापडत नाही. जहाजावर ऐकण्याचं काम एकट्या काकांचं, म्हणून त्यांचं नाव कानसेन पडलं होतं.

हा शेवटचा खांब. त्यावर पवनचक्की बसली की किनाऱ्यावरचं कोळशाचं धुराडं कायमचं थंड होणार होतं. आणि बाई घरी जाणार होत्या, सात महिन्यांच्या मुलीकडे. आज तिसरा दिवस वाया गेला.

"आज रांगली," बाईंच्या आईने फोनवर सांगितलं.

"माझ्याशिवाय?"

"आता काय तुला विचारून रांगेल? आणि पुढे नाही गं, मागे मागे गेली. पलंगाखाली जाऊन अडकली आणि वर आमच्यावरच ओरडली."

बाई हसल्या. लगेच म्हणाल्या, "खोकत नाही ना? रात्री उठते का? पलंगाखाली काही पडलेलं नव्हतं ना, तोंडात घालायला?"

"काही नव्हतं. तू ये बघू लवकर."

फोन ठेवून बाईंनी केबिनचं दार लावलं, दूध पिळून काढलं आणि बेसिनमध्ये ओतून दिलं. दहा दिवस हेच चाललं होतं.

जेवणाच्या टेबलावर क्रेनवाला काकांच्या मागे लागला होता.

"कानसेन, उद्या तरी जरा बहिरे व्हा हो! आम्हाला पण बायकापोरं आहेत."

"आणि हा देवमासा रोज विसाव्या मिनिटानंतरच बरा बोलतो," दुसरा म्हणाला. "ड्युटी लावलीय का त्याची?"

सगळे हसले. काकांनी ताट उचललं आणि ते बाहेर गेले. बाई त्यांच्यामागे कठड्यापाशी गेल्या.

"मनावर घेऊ नका, काका. कसा असतो हो तो आवाज?"

काकांनी ताट कठड्यावर टेकवलं.

"एवढी मोठी आई, मॅडम. आपल्या जहाजाच्या निम्मी असेल. पण पिल्लाशी कुजबुजतेच. मोठ्याने बोललं तर शिकार करणारे ऐकतील ना. आणि पिल्लू त्याहून हळू. त्याला हे कोणी शिकवलं असेल?"

बाईंच्या अंगावर काटा आला.

"मागच्या जागेवर मी पूर्ण अर्धा तास ऐकलं," काका म्हणाले. "काहीच नाही. वहीत 'शांत' लिहिलं. चौथ्या दिवशी मेलेलं पिल्लू वाळूवर आलं."

सकाळी ऑफिसचा निरोप आला. उद्यापासून समुद्र खवळणार. खांब आज झाला तर सगळे घरी. नाही झाला, तर जहाज लांबच्या बंदरात आडोशाला जाणार आणि वारा पडल्यावर पुन्हा इथेच. पंधरा दिवस तरी धरा.

सगळ्यांनी बाईंकडे बघितलं.

"आज हेडफोन मी लावते," बाई म्हणाल्या.

काकांचा चेहरा उतरला. "तुम्हाला सवय नाही, मॅडम."

"कान उघडे ठेवून बसायचंय ना, काका? सात महिने झोपेत तेच करतेय."

क्रेनवाला खो खो हसला. काकांनी हेडफोन काढून दिला आणि खुर्ची सोडली.

आधी नुसती चरचर ऐकू आली, तव्यावर तेल तडतडावं तशी. पाण्यातल्या कोळंब्यांचा आवाज, काकांनी खुणेनं सांगितलं. मग जहाजाच्या पोटातली करकर. दहा मिनिटं गेली. वीस. चोवीस. काही नाही. क्रेनवाल्याने हातोडा उचलायच्या दांड्यावर हात ठेवला. बाईंना वाटलं, उद्या दुपारपर्यंत घर. रांगताना बघता येईल.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला खुर्चीच कण्हल्यासारखं झालं.

आवाज कानात नव्हे, छातीत आला. लांब, जाड, खूप खालचा. एखाद्या प्रचंड दालनाचं दार कोणीतरी सावकाश लोटावं तसा. बाईंनी श्वास रोखला. त्यांच्या पायाखाली तो सगळा अंधार एकदम जिवंत झाला.

मग दुसरा आवाज. बारीक, अर्धवट. झोपेत चाचपडणारं मूल हुंकारतं ना, तस्सा.

बाईंचा शर्ट छातीवर ओला झाला. त्यांना कळलंही नाही.

मोठ्या आवाजाने उत्तर दिलं. आहे मी. इथेच आहे.

एकोणतीस. बाकी कोणालाच काही कळलेलं नव्हतं. 'शांत' एवढा एक शब्द म्हटला की झालं. पंधरा दिवसांत ती पुढे रांगायला लागेल, बाईंच्या मनात आलं. कदाचित उभीसुद्धा राहील. आपल्याला ओळखेल ना?

त्यांनी हात वर केला.

"मॅडम, तुम्ही पण?" क्रेनवाला ओरडला.

बाईंनी हेडफोन कानावर दाबून धरला. डोळे भरून आले होते. "आई आणि पिल्लू," त्या कशाबशा म्हणाल्या.

दांड्यावरचा हात खाली आला. माणसं पाय ओढत बाहेर गेली.

काका तेवढे राहिले. चेहरा पांढराफटक. ते बाईंच्या खुर्चीजवळ गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"खरंच?" ते म्हणाले. "द्या ना मला जरा, मॅडम. मी अजून एकदाही ऐकलेलं नाही."