अण्णांच्या कपाळावरची गोळी

मकरंदने रंगाच्या गोळ्या मारायची बंदूक माळ्यावरून उतरवली, तेव्हा तिच्यावर अकरा वर्षांची धूळ होती. “घरात असली थेरं चालणार नाहीत,” म्हणत अण्णांनी ती आणि माईची हार्मोनियम एकाच दिवशी वर टाकली होती. आता अण्णा हार घालून भिंतीवर होते, तिथूनही डोळे वटारून.

खटका हलेना, म्हणून त्याने आत खोबरेल ओतलं. नाशिकचा डिसेंबर. सकाळपर्यंत तेल थिजलं आणि खटका आणखीच घट्ट बसला.

“अरे, ते डोक्याला लावतात,” मटार सोलता सोलता माई म्हणाली आणि तिने शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आणून दिली. मकरंदने सगळं पुसलं, खटक्यात आणि नळीत ते तेल सोडलं, वाळलेली रबरी रिंग बदलली, भरून आणलेली बंदुकीची छोटी गॅसची टाकी बसवली आणि बंदूक रिकामीच आहे असं समजून खटका ओढला.

नळीत अडकलेली जुनी गोळी तेलाने सुटली होती. ती थेट अण्णांच्या कपाळावर फुटली. नारंगी रंग मिशांवर ओघळला.

मकरंदने घाईने बंदूक पाठीमागे लपवली. माईने चष्मा पुसला, फोटो नीट न्याहाळला आणि हात पुढे केला.

“अजून गोळ्या आहेत का रे?”