अंजनाखालची माती

कडूबानं फावडं उचललं तशी मंजुळाबाई मध्ये येऊन उभी राहिली.

"राहू द्या. हितं मी खांदते."

"खांदा की, मावशी. म्या कशाला नाय म्हणू?" टेंपोवाला कडूबा म्हणाला. टेंपो लावायला त्याला सावली हवी होती, ती मिळालीच होती, वर आता कामही टळलं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. तो दगडावर बसून निवांत तंबाखू मळायला लागला.

मंजुळाबाई मात्र जागची हलली नव्हती. म्हैसमाळच्या उतारावरच्या या जुन्या अंजनाच्या झाडाच्या बुडाशी, उत्तरेच्या अंगाला तिचं लेकरू पुरलेलं होतं. सव्वा महिन्याचा मुलगा, तिची करंगळी धरून निजणारा. मेंढरं घेऊन या रानात उतरले असताना ते तापानं गेलं. तान्ह्याला अग्नी देत नाहीत, म्हणून नवऱ्यानं, मुंजाबानं इथंच खड्डा घेतला. तिच्या अंगावरचं दूध थांबेना, तेव्हा सासू म्हणाली होती, दूध वाटेवर सांडू नये, झाडाच्या बुडाशी सोडावं. मेंढरांचा तळ हलेपर्यंत पाच दिवस ती इथं येऊन सोडत होती. त्याला बारा वर्षं झाली. वर ठेवलेला धोंडा कधीच घरंगळून गेला, आणि आता ती रोपवाटिकेत रोजानं कामाला होती. अख्ख्या डोंगरात तिच्या मालकिणीला नेमकी हीच माती हवी होती.

"ताई, पलीकडली न्या ना," तिनं आणखी एकदा म्हणून पाहिलं. "तिकडली भुसभुशीत हाय."

"तिकडं धागे नाहीत हो, मावशी." रोपवाटिकेच्या मेघाताईंनी पाला बाजूला सारला. खाली मुळांना बिलगलेलं पांढरं, सुताहून बारीक जाळं होतं. "ही बुरशी. मुळं पोचत नाहीत तिथं हिचे धागे पोचतात आणि झाडाला खायला-प्यायला आणून देतात. बदल्यात झाड हिला साखर देतं. बिडकीनच्या बागेतल्या मातीत ही उरलीच नाही, म्हणून दोन वर्षं आपली रोपं जळतायत. खत घातलं, ठिबक केलं, सगळं पाण्यात. या मातीतली मूठ मूठ प्रत्येक खड्ड्यात टाकली की बघा."

"खायला आणती कुठून?"

"जमिनीत जे काही पडतं त्यातून. पाला, किडे, मेलेलं काहीही. रानात काही वाया जात नाही."

कडूबा मान वर करून झाडाकडं बघत होता. "ह्याच अंगाला लई फोफावलंय बघा. उन्हाची बाजू तर तिकडली हाय."

मंजुळाबाईनं वर पाहिलं नाही. तिला भीती वाटत होती, पण झाडाची नव्हे. कुणाच्या फावड्याला आधी काय लागेल, याची. हाडं निघाली तर गुपचूप पदरात बांधायची आणि वरच्या खिंडीत नेऊन ठेवायची, एवढंच तिनं ठरवलं होतं. तिनं फावडं बाजूला ठेवलं आणि खुरपं घेतलं. वीतभर खाली गेल्यावर तेही टाकलं आणि हातानंच उकरायला लागली.

हातभर खाली गेली. हाड नाही. गुंडाळलेलं फडकं नाही. कमरेला बांधलेल्या करदोट्याचा एक मणीसुद्धा नाही. खाली नुसते धागे होते, गादीतल्या कापसासारखे दाटून बसलेले, निजलेल्या लेकराच्या लांबीएवढे. त्यांच्या पुढं आणि मागं काळी माती होती. तिनं हात आत घातला. भोवतालची माती गार होती, इथली कोमट लागली.

रानात पाखरू बोलत नव्हतं. कडूबाचं मळणंही थांबलं होतं.

ती मागं सरणार तोच तिच्या करंगळीला काहीतरी लागलं. धागे बोटाभोवती आले होते. एक वेढा, मग दुसरा. आवळत नव्हते, नुसते धरून होते. तिनं बोट हलवलं तसे ते किंचित घट्ट झाले. तिच्या अंगावर काटा आला, आणि लगेच इतकं भरून आलं की तिला मांडी घालून खालीच बसावं लागलं.

"मावशी, हात काढा की," मेघाताई रिकामं पोतं उघडून उभ्या होत्या. "पोती भरायचीत. बिडकीनला ऊन चढायच्या आत पोचायचंय."

मंजुळाबाईनं दुसऱ्या हातानं त्यांना हळू बोलायची खूण केली.

"थांबा जरा, ताई," ती कुजबुजली. "झोप लागली की आपणच सोडतो तो."