समोर पाणी

परसरामचा नवा, बॅटरीवरचा ट्रॅक्टर चालकाशिवाय नांगरत होता. आवाज नाही, धूर नाही. केशोरीचे लोक कडेच्या धुऱ्यावर उभे राहून बघत होते. शेताच्या मध्यावर आल्यावर ट्रॅक्टर थबकला, आणि गोल वळसा घालून पुढे गेला.

पुढच्या फेरीलाही तसंच. कोरड्या मातीवर नांगराने हळूहळू बोडीचा काठ उमटत गेला.

ती बोडी, धानाला पाणी पुरवणारं लहान तळं, परसरामच्या आज्याने खोदली होती. तीन वर्षांपूर्वी परसरामने ती बुजवून शेतात घेतली, आणि खालच्या अंगाला सुमित्राबाईचा धान पाण्यावाचून करपला.

"काऊन वळून राहिला?" त्याने लेकीला विचारलं.

डिंपलने मोबाइल पाहिला. "समोर पाणी, असं येऊन राहिलं, बाबूजी."

"मशीनले बी मालूम हाये," मागून कोणी तरी म्हणालं. सुमित्राबाई काठीवर हनुवटी टेकून उभी होती.

परसरामचे कान तापले. "येडी हाये मशीन. थांबा, दाखवतो," म्हणत तो वळशाच्या आत शिरला. पावलागणिक धूळ उडाली. मधोमध जाऊन तो उभा राहिला.

ट्रॅक्टर जागीच थांबला. त्याचा भोंगा वाजू लागला.

"आता काय येऊन राहिलं?"

डिंपलचा आवाज बारीक झाला. "पाण्यात माणूस."

सुमित्राबाई धुऱ्यावरून उतरली. नांगराच्या रेघेशी बसून तिने काठी त्याच्याकडे लांब केली. "धर, परसराम."

नको म्हणायला तोंड उघडायची त्याला भीती वाटली. टाचा उचलून, हनुवटी वर धरून आपण कधीपासून उभे आहोत, ते त्याला कळेना.