शून्यांची ओळ

दवाखान्याचं दार इंदुमतीबाईंसाठी उघडेना. खिडकीतल्या कारकून बाईंनी पडद्यावर पाहून सांगितलं, “शहराच्या गणितात प्रत्येक माणसाची एक ओळ असते. तुमच्या ओळीतून यजमानांची ओळ वजा केली, तर नुसती शून्यं उरली. जेवण, झोप, मत, सगळं त्यांचंच. अशी ओळ यंत्र काढून टाकतं.”

“एकरूप संसार आहे आमचा,” शेजारी उभे असलेले भालचंद्रराव सुखावून हसले.

नवऱ्याचं ते हसू पाहून इंदुमतीबाईंना किळस आली. “मला शेपूची भाजी आवडत नाही,” त्या म्हणाल्या. “हे घाला त्यात.”

बाईंनी एका शून्याच्या जागी आकडा भरला. ओळ परत आली आणि दार उघडलं.

“अगं, मग इतकी वर्षं खाल्लीस कशी?” भालचंद्ररावांनी विचारलं.

“ओकारी दाबून,” त्या म्हणाल्या आणि बाईंना पुढचं सांगू लागल्या.